बिल्ला उलटा करून पाहा

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, एखाद्या पथारीवर पितळी बिल्ल्यांचा ढीग हमखास दिसतो. सैनिकांच्या टोपीवरचे बिल्ले : मुकुट, बिगुल, पेटता बॉम्बगोळा, खाली पलटणीच्या नावाची फीत. त्यातले तीन अगदी सारखे बिल्ले बाजूला काढा. एक झगझगीत, एक तपकिरी काळा, एक हिरवट. विक्रेत्याच्या मते तिन्ही ‘ओरिजनल ब्रिटिश’. घेणारा बहुतेक वेळा काळपट बिल्ल्यावर बोट ठेवतो, कारण जुनी वस्तू कळकट असणार असे आपण धरून चाललेलो असतो.

नेमकी हीच समजूत नक्कल करणाऱ्याचे भांडवल असते. सैनिकाला टोपीवरचा बिल्ला रोज घासावा लागे. तपासणीत तो चमकला नाही तर शिक्षा. त्यामुळे शंभर वर्षांचा अस्सल बिल्ला पुढून लख्ख असू शकतो, आणि गेल्या पावसाळ्यात तयार झालेला नकली बिल्ला रसायनाच्या वाफेवर एका रात्रीत ‘म्हातारा’ होतो. रंग हा सगळ्यांत कच्चा पुरावा. पक्का पुरावा बिल्ला कसा बनवला आणि कसा वापरला गेला यात असतो, आणि तो बराचसा मागच्या बाजूला असतो.

बिल्ल्यांचा काळ

ब्रिटिश सैन्यात शिरस्त्राणावर धातूची चिन्हे फार पूर्वीपासून होती. पण आज संग्राहक ज्याला टोपीचा बिल्ला म्हणतात तो छोटा, ठशाचा, स्वस्त प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ झाला. १८८१ साली पायदळाची मोठी पुनर्रचना झाली. पलटणींचे जुने क्रमांक जाऊन प्रांतांची नावे आली. पुढच्या दोन-अडीच दशकांत नव्या धर्तीच्या टोप्या आल्या आणि प्रत्येक शिपायाच्या कपाळावर पलटणीची खूण चढली. पहिल्या महायुद्धात सैन्य लाखांनी वाढले तसे बिल्लेही लाखांनी पाडले गेले. हे काम मुख्यतः बर्मिंगहॅममध्ये चाले. जे. आर. गाँट, डाउलर, स्मिथ अँड राइट ही तिथल्या कारखान्यांची नावे बिल्ल्यांच्या पाठीवर आजही वाचता येतात. लंडनच्या फर्मिनचेही नाव भेटते.

शिपायांचे बिल्ले पितळ किंवा पितळेच्याच जातीच्या तांबूस मिश्रधातूचे असत. पांढरा भाग हवा असेल तर जर्मन सिल्व्हर वापरत, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. त्यात चांदी नसते. अधिकाऱ्यांसाठी सोन्याचा मुलामा, चांदी किंवा गडद ब्राँझ. यांतल्या कुठल्याच धातूला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, आणि ती वस्तू खाली ठेवायला हरकत नाही.

ठशाखालचा बिल्ला

अस्सल बिल्ला ओतलेला नसतो, दाबलेला असतो. कारागीर आधी पोलादाच्या ठोकळ्यात बिल्ल्याचे उलटे चित्र खोल कोरतो. हा ठसा. त्याच्या जोडीला, त्यात बसेल असा उठावाचा दुसरा ठोकळा लागतो. दोघांच्या मध्ये पितळेचा पातळ पत्रा ठेवतात आणि वरून जड घण सोडतात. पत्रा ठशाच्या प्रत्येक रेघेत घुसतो. उठाव खोल असेल तर एका घावात भागत नाही; पत्रा मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो आणि पुन्हा घण सोडावा लागतो.

या कृतीचे दोन परिणाम बिल्ल्यावर कायमचे राहतात. पहिला म्हणजे पुढची रेघ धारदार येते. सिंहाची आयाळ, मुकुटातले मोती, अक्षरांच्या कडा भिंगाखाली स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्यामधली सपाट जागा गुळगुळीत असते. दुसरा परिणाम पाठीवर दिसतो. पत्रा पातळ असल्याने पुढे जिथे उठाव तिथे मागे खळगा पडतो. बिल्ला उलटा केला की पुढच्याच चित्राची पोकळ, उलटी छाया दिसते.

मग छाटणी. बिल्ल्याभोवतीचा जादा पत्रा आणि आतल्या मोकळ्या जागा, म्हणजे मुकुटाच्या कमानींमधल्या किंवा फीत आणि चिन्ह यांच्यामधल्या, दुसऱ्या धारदार अवजाराने एका दाबात कापून काढतात. कापलेल्या कडेवर उभ्या बारीक रेघा राहतात, सगळ्या एका दिशेने. हाताने कानस मारलेल्या कडेवरच्या रेघा तिरप्या आणि वाकड्या असतात. दहापट भिंगाखाली हा फरक नवख्यालाही कळतो.

दोन धातूंचा बिल्ला असेल तर पितळी आणि पांढरा भाग वेगवेगळे दाबून मग एकमेकांवर झाळतात. झाळताना कोंडणारी वाफ निघून जावी म्हणून मागच्या पत्र्याला एक-दोन बारीक भोके ठेवलेली असतात. ती दिसली की बरे वाटते. एकाच तुकड्यावर पांढरा मुलामा देऊन दोन धातूंचा देखावा केलेला असेल, तर झिजलेल्या टोकांवरून खालचा पिवळा डोकावतो.

ओतीव नक्कल

ठसा कोरणे खर्चाचे आणि कसबाचे काम. नक्कल करणारा सोपा मार्ग धरतो. एक खरा बिल्ला मिळवायचा, तो वाळूत किंवा रबरात दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा.

गुढीपाडव्याची साखरगाठी जवळून पाहिली असेल तर ओतीव बिल्ला ओळखण्याची निम्मी विद्या तुमच्याकडे आहे. पाक साच्यात आपल्या वजनाने पसरतो. त्याला कोणी घणाखाली दाबत नाही. म्हणून गाठीवरची नक्षी गोलसर, कडा बोथट, अंग रवाळ आणि जागोजाग बुडबुड्यांची बारीक छिद्रे. ओतीव पितळेचेही तेच होते. सपाट जागेवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात, अक्षरे सुजल्यासारखी वाटतात. आरपार मोकळ्या हव्या त्या जागा धातूच्या पातळ पडद्याने बुजतात आणि मग कानशीने मोकळ्या कराव्या लागतात. पाठ बहुधा सपाट, भरीव, खरबरीत. हातात घेतल्यावर बिल्ला जाडजूड आणि अपेक्षेपेक्षा जड लागतो.

दुसरी खूण मोजता येते. धातू थिजताना आकसतो. पितळ साधारण दीड टक्का. ओतारी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात आणि हव्या त्या मापापेक्षा नमुना किंचित मोठा करतात. पण ज्याचा नमुना खरा बिल्लाच आहे त्याला तो मोठा कसा करता येणार? ५० मिलिमीटर उंचीच्या बिल्ल्याची ओतीव प्रत पाऊण मिलिमीटरने लहान निघते. डोळ्याला हे कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरला कळते. त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली तर ती आणखी लहान आणि आणखी बोथट. म्हणून जाणते संग्राहक खात्रीच्या बिल्ल्यांची मापे वहीत लिहून ठेवतात. कॅलिपर आता काही शेकड्यांत मिळतो. बिल्ल्यावर हजार रुपये खर्चणाऱ्याने तो घेऊ नये हे मला न उलगडणारे कोडे आहे.

आणखी एक गंमत. साचा खऱ्या बिल्ल्याचे सगळे अंग उचलतो, त्याच्या जखमांसकट. मूळ बिल्ल्याच्या फितीवर एखादा ओरखडा असेल तर प्रत्येक प्रतीवर तो त्याच जागी, त्याच लांबीचा येतो. पथारीवरच्या दोन बिल्ल्यांवर एकच टोचा एकाच ठिकाणी दिसला, तर दोघांची आई एक. खऱ्या सैनिकांच्या टोप्या अशा एकाच जागी ठेचकाळत नाहीत.

ओतीव असूनही अस्सल

इथवर वाचून ‘ओतीव म्हणजे खोटा’ असे सूत्र कोणी पाठ केले असेल तर त्याने ते पेन्सिलीने लिहावे. भारतात हे सूत्र वारंवार मोडते.

ब्रिटिश पलटणी इथे वर्षानुवर्षे मुक्कामाला असत. बिल्ला हरवला, तुटला, नवी भरती आली, आणि बर्मिंगहॅमचा माल जहाजाने यायला महिने. मग छावणीच्या बाजारातला ओतारी कामाला येई. त्याच्यासमोर नमुना ठेवायचा आणि तसे बिल्ले करून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आणि इजिप्तमध्ये असे स्थानिक बिल्ले मोठ्या प्रमाणावर झाले. ते वाळूच्या साच्यात ओतलेले आहेत, ओबडधोबड आहेत, आणि तरी शंभर टक्के अस्सल आहेत, कारण ते त्या काळात, त्या सैनिकांसाठी झाले आणि त्यांनी ते वापरले. काही संग्राहक तर खास असेच बिल्ले शोधतात. कारखान्याच्या एकसारख्या मालापेक्षा त्यांना हे जिवंत वाटतात, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

मग जुना बाजारी ओतीव बिल्ला आणि नवी ओतीव नक्कल यांत फरक कसा करायचा? जुना ओतारी पुष्कळदा नमुना स्वतः कोरत असे. त्यामुळे त्याचा सिंह कारखान्याच्या सिंहापेक्षा निराळा दिसतो, मुकुट बुटका होतो, इंग्रजी अक्षरे थोडी चुकतात. तो निराळेपणा त्याच्या हाताचा आहे. नवी नक्कल मात्र कारखान्याच्या चित्राशी तंतोतंत जुळते, फक्त बोथट आणि आकसलेली असते. दुसरा फरक श्रमाचा. जुन्या कारागिराने कडा हाताने घासलेल्या असतात, मागच्या कड्या तारेचे तुकडे वाकवून एकेक झाळलेल्या असतात, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या वापराची झीज चढलेली असते. नव्या नकलेत कड्या एका मापाच्या, आणि कानस मारलेली जागा अजून खरखरीत.

गरजेपोटी झालेले इतरही अपवाद आहेत. पहिल्या महायुद्धात १९१६ च्या सुमारास काटकसर म्हणून एरवी दोन धातूंचे असणारे अनेक बिल्ले नुसत्या पितळेचे पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी चक्क प्लास्टिकचे बिल्ले निघाले. पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाहीत म्हणून ते फेकून देणारे लोक असतात. अशांच्या मागे फिरणारे चतुर लोकही असतात.

कड्या आणि पट्टी

बिल्ला टोपीवर बसवायच्या दोन मुख्य पद्धती. जुनी पद्धत कड्यांची : पाठीवर तांब्याच्या तारेच्या दोन कड्या झाळलेल्या, त्या टोपीच्या भोकांतून आत जायच्या आणि आतून स्प्लिट पिन घालून बिल्ला पक्का व्हायचा. नंतरची पद्धत उभ्या पट्टीची, म्हणजे स्लायडरची. ती टोपीच्या पट्ट्यात सरळ खुपसता येते. स्लायडर विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत सार्वत्रिक झाला. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट असलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर तो दिसला तर थांबावे. पट्टी नंतर बदललेली असू शकते. पण ही जोडी पुष्कळदा नव्या मालावर आढळते.

कड्यांच्या बुडाशी काय आहे ते भिंगातून बघा. जुन्या कामात तारेचे पाय थोडे चपटे करून पक्क्या, पिवळसर झाळकामाने बसवलेले असतात. नव्या मालात पुष्कळदा करडे, मऊ डाख ढेकळासारखे साचलेले दिसते. तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण तुटलेली कडी गावातल्या कारागिराकडून डाख लावून घेणे सैनिकालाही सोयीचे होते. कडीच्या आतल्या बाजूला मात्र जरूर पाहावे. स्प्लिट पिन वर्षानुवर्षे तिथे हलत राहिली तर तारेला आतून खोबण पडते, आणि अशी झीज मुद्दाम करत बसण्याइतका वेळ नक्कल करणाऱ्याला परवडत नाही.

पट्टीवर कारखान्याचे नाव असले की विक्रेता ते अभिमानाने दाखवतो. नाव हा पुरावा आहे, पण दुबळा. पट्टी हा बिल्ल्याचा सगळ्यांत स्वस्त भाग. त्यावर कुणाचेही नाव उठवता येते, आणि गाँटचे नाव तर बनावट पट्ट्यांवर मुबलक सापडते. नकली पट्टीची टोके काटकोनात कापलेली, पत्रा पातळ आणि सरळसोट असतो. जुनी पट्टी जाड, टोकाशी गोलसर, आणि टोपीच्या आकाराप्रमाणे सहसा थोडी वाकलेली.

खरा ठसा, नवा बिल्ला

आतापर्यंतचे शत्रू सोपे होते. अवघड प्रकार पुढे आहे.

१९५० नंतर ब्रिटिश सैन्यात घासावे न लागणारे, रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमचे बिल्ले आले. त्यानंतर अनेक जुन्या पलटणी एकमेकींत विलीन झाल्या आणि त्यांची चिन्हे बंद पडली. पण कारखान्यांत पोलादी ठसे पडून होते. त्याच सुमारास बिल्ले गोळा करण्याचा छंद वाढला, आणि जुन्या ठशांतून नवे बिल्ले निघू लागले. हे ओतीव नाहीत. ठशाखालीच दाबलेले आहेत, माप बरोबर आहे, पाठीवर उलटी छाया आहे. मग ते जुने आहेत की नाहीत हे कशावरून ठरवायचे?

ठशाच्या प्रकृतीवरून. पोलाद वर्षानुवर्षे पडून राहिले की गंजते आणि गंज काढला तरी त्यात बारीक खड्डे राहतात. अशा ठशात पत्रा दाबला की खड्ड्यांत पितळ शिरते आणि बिल्ल्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण हिच्यामुळे दोन प्रकार वेगळे होतात : ओतीव बिल्ल्यावर खाली गेलेली छिद्रे असतात, गंजक्या ठशाच्या बिल्ल्यावर वर आलेले ठिपके. ठशाला तडा गेला असेल तर त्याचीही बिल्ल्यावर उठलेली रेघ येते. खुद्द त्या काळातही तडकलेले ठसे वापरात राहत, म्हणून नुसती रेघ दोष ठरत नाही. पुटकुळ्या, कोरी करकरीत पाठ आणि नव्या घाटाची पट्टी हे तिन्ही एकत्र आले की मात्र संशयाला जागा उरत नाही.

कधी ठसा सापडतो पण छाटणीचे अवजार हरवलेले असते. मग मूळ बिल्ल्यात आरपार असलेल्या जागा नव्या बिल्ल्यात बंदच राहतात किंवा हाताने कापाव्या लागतात.

काही जण विचारतात की सराफाकडे सोन्याचा कस बघायचे क्ष-किरणांचे यंत्र असते, त्यावर बिल्ला ठेवला तर? यंत्र तांबे किती, जस्त किती हे सांगेल. चांदीचा म्हणून विकलेला बिल्ला जर्मन सिल्व्हरचा निघाला तर पैसे वाचतील. पण पितळेला जन्मतारीख नसते. १९१४ चे पितळ आणि आजचे पितळ यांची कृती सारखी असू शकते, आणि नक्कल करणाऱ्याला जुन्या समया वितळवायला कोणी अडवलेले नाही.

इतिहासाशी ताळा

धातूची परीक्षा झाली की चित्राची करायची. पलटण केव्हा होती, तिचे नाव त्या वर्षी काय होते, राज्यावर कोण होते, याचा ताळा बिल्ल्याशी बसला पाहिजे.

*चौकट : मुकुटावरून काळ*
*१९०१ पर्यंत, व्हिक्टोरिया राणी : मुकुट रुंद, कमानी मध्यावर दबलेल्या.*
*१९०१ ते १९५२, राजांचा मुकुट : कमानी वर फुगीर, मध्ये दाब नाही.*
*१९५३ ते २०२२, दुसरी एलिझाबेथ राणी : कमानींना माथ्यावर स्पष्ट दाब.*
*२०२२ पासून, तिसरा चार्ल्स राजा : पुन्हा फुगीर कमानी. त्यामुळे फुगीर मुकुटाचा बिल्ला अगदी आजचाही असू शकतो.*
*भारतीय पलटणी, १९५० नंतर : मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह.*
*राज्य बदलले तरी जुना साठा काही वर्षे वापरात राहतो, हे धरून चालावे.*

या चौकटीतून एक निष्कर्ष आपोआप निघतो. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला आणि एलिझाबेथ राणी १९५२ साली गादीवर आली. तेव्हा मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथचा दबका मुकुट असूच शकत नाही. तसा बिल्ला दिसला तर कॅलिपर खिशातच राहू द्या.

मराठा पलटणींच्या बाबतीत आकडेही बोलतात. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी हिंदुस्थानी सैन्याचे क्रमांक एका मालिकेत आणले. मुंबई इलाख्यातल्या पलटणींच्या आकड्यात शंभराची भर पडली : तिसरी ती १०३ वी, पाचवी ती १०५ वी. १९२२ साली पुन्हा फेररचना होऊन १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका छत्राखाली आल्या, आणि तिचे केंद्र बेळगावला झाले. म्हणजे १०३ आकडा असलेला मराठा पलटणीचा बिल्ला १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतला असणार.

पण घाई नको. १०३ हा आकडा त्याआधी मुंबईच्याच आणखी एका पलटणीचा होता. कंपनीच्या नोकरीतली मुंबईची गोरी पलटण १८५७ नंतर राणीच्या सैन्यात घेतली गेली तेव्हा तिला ‘१०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स’ हे नाव मिळाले. १८८१ साली ती मद्रासच्या १०२ व्या पलटणीशी जोडली जाऊन रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स झाली. तेव्हा १०३ आकड्याची वस्तू हाती आली तर शेजारी काय आहे ते बघायचे. पेटता बॉम्बगोळा ही फ्युझिलिअरांची खूण, बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची. एकाच आकड्यात निदान बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि गोऱ्या आयरिश-इंग्रज शिपायापासून सातारा-रत्नागिरीच्या मराठ्यापर्यंतचेही.

डब्लिन फ्युझिलिअर्सचा बिल्ला आपल्यासाठी खास आहे : बॉम्बगोळ्यावर वाघ आणि हत्ती. आयर्लंडच्या पलटणीच्या कपाळावर हे प्राणी हिंदुस्थानातल्या लढायांमुळे आले. दक्षिण आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ साली ही पलटण मोडली. त्यानंतर नव्या खऱ्या बिल्ल्यांची भर पडायचे कारण उरले नाही, मागणी मात्र वाढत गेली. अशा अल्पायुषी किंवा मोडलेल्या पलटणींचे बिल्ले नकलेचे पहिले लक्ष्य असतात. १९१५ ते १९२२ एवढेच आयुष्य लाभलेल्या मशीनगन कोअरचे तेच, आणि दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात शत्रूच्या पिछाडीला फिरणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या विंचवाचे तर विचारूच नका. मूळ थोडे लोक, त्याहून थोडे बिल्ले. बाजारात मात्र विंचवांचा सुकाळ.

महार रेजिमेंटचे उदाहरण आणखी बोलके आहे. ती १९४१ साली बेळगावला उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन पलटण झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींवर फुली घातलेल्या दोन व्हिकर्स मशीनगना आल्या. पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली. स्तंभ आहे की खंजीर, एवढे पाहिले तरी बिल्ल्याचा काळ उलगडत जातो. स्तंभ असलेल्या बिल्ल्याला आज वेगळीच मागणी आहे, आणि जिथे मागणी तिथे साचे तयार होतात. असा बिल्ला घेताना भावना बाजूला ठेवून पाठ तपासावी.

झीज आणि कळक

शेवटी रंगाकडे येऊ, कारण तोही अगदी निरुपयोगी नाही. तो वाचता यावा लागतो.

सैनिक बिल्ला फडक्याने पुढून घासतो. फडके उंच टोकांना लागते, खोबणीत पोचत नाही. म्हणून अस्सल झीज असमान असते : सिंहाचे नाक, मुकुटातले मोती, अक्षरांचे माथे गुळगुळीत झालेले, खोबणीत मात्र मूळ धारदार रेघ शाबूत, आणि तिथेच ब्रासोसारख्या पॉलिशचा सुकलेला पांढरट-हिरवा थर. पाठीवर हात कोण फिरवणार? ती सावकाश तपकिरी झालेली, कड्यांच्या बुडाशी कळक धरलेली.

नक्कल करणाऱ्याला हा असमानपणा जमत नाही. तो बिल्ले पिंपात घोळवतो, मग खोबणीही झिजते. अमोनियाच्या वाफेवर धरतो, मिठाच्या पाण्यात बुडवतो, मातीत पुरतो. रंग पुढे-मागे सारखाच बसतो, नव्या ओरखड्याच्या तळापर्यंत. ओल्या कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात घासले तर असला रंग पुष्कळदा बोळ्यावर उतरतो. खरा जुना थर धातूचाच झालेला असतो, तो असा सुटत नाही.

याच कारणासाठी, घरच्या ट्रंकेत आजोबांचा किंवा पणजोबांचा बिल्ला सापडला तर पहिले काम म्हणजे चिंच किंवा पितांबरी हातात न घेणे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांत घरटी सैनिकांची परंपरा आहे. अशा घरांत या वस्तू अजून निघतात. घासून लख्ख केलेल्या पाठीवरचा पुरावा पुन्हा येत नाही. बिल्ला कोणाचा, तो कोणत्या पलटणीत होता, त्याचा शिपाई क्रमांक काय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहून ठेवावे, पगारपुस्तक किंवा पेन्शनचा कागद असेल तर सोबत जपावा. ज्या बिल्ल्याची हकीकत माहीत आहे त्याच्याच मापाने आणि पाठीने बाजारातल्या शंभर बिल्ल्यांची परीक्षा घेता येते. संग्राहकांच्या जगात किपलिंग आणि किंग यांचे दोन खंडांतले इंग्रजी पुस्तक आधार मानले जाते, पण त्यातही छापील चित्र आहे, हातात धरायची वस्तू नाही.

ठेवायचा तो कागदाच्या पाकिटात किंवा सुती कापडात. मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पिशवीत नको; त्या प्लास्टिकमधून निघणारे आम्ल तांब्याच्या मिश्रधातूंना खाते आणि काही वर्षांत चिकट हिरवा थर चढतो. परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवण्याआधी कायदाही पाहावा : शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधने आहेत, आणि पहिल्या महायुद्धातले बिल्ले आता त्या वयाचे झाले आहेत.